मेमपूलमधली बदली : दोन नोड, दोन आकडे, आणि खरी मोजणी कशी करायची

मांडवीकाठ · सोमवार, रात्री ९.१०

एकाच मशीनवर बिटकॉइन कोअरचे (बिटकॉइन नेटवर्कशी जोडणाऱ्या प्रोग्रामचे) दोन नोड आहेत. एक २८ मालिकेतला, दुसरा ३० मालिकेतला. मेमपूलमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्ये जायची वाट बघणाऱ्यांच्या साठ्यात, कन्फर्म न झालेल्या व्यवहाराच्या जागी जास्त फीचा दुसरा आला की कोणता नोड काय करतो, हे नोंदवायचं आहे. दोन्हींवर झेडएमक्यूचा (नोड घडामोडी कळवतो त्या संदेश-वाहिनीचा) ‘सीक्वेन्स’ विषय चालू केलाय, पहिल्याला पोर्ट २८३३२, दुसऱ्याला २८३३३. पायथनची छोटी स्क्रिप्ट ‘आर’ (व्यवहार गेला) संदेश मोजते आणि प्रत्येक ‘आर’ म्हणजे एक बदली असं धरते.

आकडे जुळत नाहीत. ३० वर ‘आर’ दिवसभर येत राहतात. २८ वर कमी, पण ब्लॉक आला की एकदम घोळका. वेळा जुळत नाहीत, काही व्यवहारांचे आयडी तर एकाच बाजूला दिसतात. दोन्हींचा मेमपूल ३०० एमबी, म्हणजे डीफॉल्टच. चुकतंय कुठे?

(कमांड आणि सेटिंगची नावं इथल्या शिरस्त्याप्रमाणे देवनागरीत. टर्मिनलवर रोमन.)

---

कुळागर_फोंडा · सोमवार, रात्री ९.४८

पहिली चूक ‘प्रत्येक आर म्हणजे बदली’ हीच. ‘आर’ एवढंच सांगतो की हा आयडी मेमपूलमधून गेला आणि ब्लॉकमध्ये बसल्यामुळे गेलेला नाही. का गेला, ते सांगत नाही. जायची कारणं बरीच :

जास्त फीच्या व्यवहाराने हटवला. मेमपूल भरला म्हणून तळातून काढला. १४ दिवस, म्हणजे ३३६ तास, पडून राहिला आणि मुदत संपली. ब्लॉकमध्ये आलेल्या दुसऱ्याच व्यवहाराने तेच इनपुट खर्चलं. किंवा साखळी मागे फिरली. पाचही वेळा अक्षर एकच.

तुमच्या २८ वरचा ब्लॉकपाशी येणारा घोळका चौथ्या प्रकारातला वाटतो. खात्री करायला ‘आर’ आणि त्यापाठोपाठ येणारा ‘सी’ (ब्लॉक जोडला) यांच्यामधला वेळ बघा.

दुसरं, संदेश गळतात का ते तपासलंत का? झेडएमक्यू ऐकणाऱ्यासाठी थांबत नाही. स्क्रिप्ट मागे पडली आणि रांगेत १००० संदेश साचले की पुढचे गपचूप टाकून देतो. सीक्वेन्सची एचडब्ल्यूएम मर्यादा (रांगेची कमाल लांबी) १०,००० करा. शिवाय प्रत्येक संदेशाच्या तिसऱ्या तुकड्यात ४ बाइटचा क्रमांक असतो, तो एकेकाने वाढायला हवा. मध्ये उडी दिसली की गळती झाली.

इथे बरेच जण फसतात. संदेशाच्या आतच ८ बाइटचा आणखी एक क्रमांक असतो, तो मेमपूलचा. गळती शोधायला तो वापरू नका. ब्लॉकमध्ये बसून गेलेल्या व्यवहारांसाठीही तो वाढतो आणि त्यांचा ‘आर’ येत नाही. म्हणजे प्रत्येक ब्लॉकला त्यात शेकड्यांनी भोक पडणारच. त्याचं काम वेगळं. गळती सापडली की ‘गेटरॉमेमपूल’ मेमपूल-सीक्वेन्ससह मागवायचा, आपली यादी त्याच्याशी ताडायची, आणि त्या क्रमांकापुढचे संदेश पुन्हा लावायचे.

---

मांडवीकाठ · सोमवार, रात्री १०.०५

४ बाइटचा क्रमांक बघतच नव्हतो. मग बदली ओळखायची कशी? ‘ए’ (व्यवहार आत आला) आणि ‘आर’ जवळजवळ आले तर जोडी लावू का?

---

कुळागर_फोंडा · सोमवार, रात्री १०.३१

वेळेवरून जोडी लावू नका, इनपुटवरून लावा. एक तक्ता ठेवायचा : कुठलं आउटपुट कोण खर्चतोय. नवा ‘ए’ आला की त्याचं प्रत्येक इनपुट तक्त्यात शोधा. तिथे आधीच दुसरा आयडी बसलेला असेल, तर बदली.

क्रम लक्षात घ्या. बदलीत जुन्याचा ‘आर’ आधी येतो, नव्याचा ‘ए’ नंतर. ‘आर’ आल्याबरोबर तक्त्यातली ओळ पुसलीत तर ‘ए’ येईपर्यंत पुरावाच राहत नाही. ओळीवर ‘गेलेला’ अशी खूण करून ती मिनिटभर ठेवा.

हटवलेल्याची मुलं-नातवंडंही (त्याचं आउटपुट खर्चणारे पुढचे व्यवहार) त्याच्याबरोबर जातात. त्यांचे ‘आर’ वेगळे येतात, पण नव्या व्यवहाराशी त्यांचं एकही इनपुट सामायिक नसतं. ती जुन्याच्या आउटपुटवरून शोधावी लागतात. हे केलं नाही तर एक बदली सहा दिसते.

आणि फी ‘ए’ आल्याआल्याच ‘गेटमेमपूलएंट्री’ने लिहून ठेवा. ‘आर’ नंतर विचारलंत तर ‘मेमपूलमध्ये नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

---

डिचोली_डेबियन · मंगळवार, सकाळी ७.२०

कुळागरबाबांची पद्धत बरोबर आहे, पण लिनक्सवर असाल तर एवढी कसरत कशाला? कोअर २५ पासून मेमपूलचे ट्रेसपॉइंट (चालू प्रोग्रामच्या आत डोकावायच्या ठरलेल्या जागा) आहेत : अॅडेड, रिमूव्ड, रिप्लेस्ड, रिजेक्टेड. ‘रिप्लेस्ड’ एका फटक्यात एवढं देतो : जुन्याचा आयडी, आकार, फी, मेमपूलमध्ये आल्याची वेळ, आणि नव्याचा आयडी, आकार, फी. ‘रिमूव्ड’ कारण शब्दात देतो, म्हणजे एक्स्पायरी, साइझलिमिट, रीऑर्ग, कॉन्फ्लिक्ट, रिप्लेस्ड वगैरे. अंदाज बांधायचा प्रश्नच नाही.

लागतं काय : लिनक्स, रूटचे अधिकार, बीसीसी किंवा बीपीएफट्रेस (ट्रेसपॉइंट ऐकणारी साधनं), आणि चालू कर्नलचे हेडर. लिनक्ससाठीच्या अधिकृत बायनरीत ट्रेसपॉइंट असतात. स्वतः बांधत असाल तर सिस्टमटॅपचं एसडीटी डेव्ह पॅकेज आधी टाका. सोर्सच्या ‘कॉन्ट्रिब’मधल्या ‘ट्रेसिंग’ फोल्डरात मेमपूल मॉनिटरची तयार स्क्रिप्ट आहे, तिथून सुरुवात करा.

तीन ठिकाणी अडतं. एक, ट्रेसपॉइंट आयडीचे ३२ बाइट उलट्या क्रमाने देतो, झेडएमक्यू आरपीसीसारखा (नोडला कमांड देतो तो मार्ग) सुलट. दोन्हींच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये जोडायला गेलात की एकही जुळत नाही, आणि नोडच बिघडलाय असं वाटतं. बाइट उलटवा. दोन, ‘रिप्लेस्ड’ हटवलेल्या प्रत्येक व्यवहारासाठी वाजतो, मुलांसकट. बदल्या मोजायच्या तर नव्याचा आयडी वेगळा किती वेळा आला ते मोजा. तीन, नोड रीस्टार्ट झाला की जुन्या प्रोसेसला चिकटलेली स्क्रिप्ट जिवंत राहते पण काहीच ऐकत नाही. सिस्टमडीत तिचं युनिट नोडच्या युनिटला बांधा, म्हणजे नोडबरोबर तीही पडेल आणि उठेल.

---

फर्मागुडी_हॉस्टेल · मंगळवार, सकाळी ११.०२

प्रश्न साधा असेल तर माफ करा. ज्यांनी आरबीएफचा (जास्त फीने बदलू द्यायचा) सिग्नल दिलाय तेवढेच व्यवहार बघितले तर काम हलकं नाही का होणार?

---

कुळागर_फोंडा · मंगळवार, दुपारी १.१५

पूर्वी झालं असतं. बिप (बिटकॉइन सुधारणेचा प्रस्ताव) १२५ हा २०१५ सालचा मसुदा, कोअरमध्ये आला २०१६ च्या फेब्रुवारीत, ०.१२ मध्ये. नियम असा की एखाद्या तरी इनपुटचा सीक्वेन्स (व्यवहारातला आकडा, झेडएमक्यूचा विषय नव्हे) ४२९४९६७२९३ किंवा त्याहून कमी असेल तरच व्यवहार बदलता येईल. मग २०२२ च्या २४.० मध्ये ‘मेमपूलफुलआरबीएफ’ हा पर्याय आला, बंद अवस्थेत. २०२४ च्या २८.० ने तो डीफॉल्ट चालू केला आणि २०२५ च्या २९.० ने पर्यायच काढून टाकला. आता सिग्नल असो वा नसो, फीचे नियम पाळले की बदली होते. सिग्नलवर गाळणी लावलीत तर नेमक्या बघण्यासारख्या बदल्या गळतील. सिग्नल एक रकाना म्हणून नोंदवा, गाळणी म्हणून नको.

सगळे नोड कोअरचे नसतात हेही धरा. नॉट्स या दुसऱ्या नोड-प्रोग्राममध्ये बदलीचं धोरण मालकाला बदलता येतं.

---

साळावली · मंगळवार, दुपारी ३.४०

मांडवीकाठ, तुमच्या दोन नोडमधल्या फरकाचं मूळ मला फीच्या पायरीत (बदलीला किमान किती भर लागते) दिसतंय. दोन्हींवर ‘गेटमेमपूलइन्फो’ चालवा आणि ‘इन्क्रिमेंटलरिलेफी’ बघा. २८ वर हजार व्हीबाइटला (फीसाठी मोजायच्या आकाराचं एकक) ०.००००१ बिटकॉइन असेल, म्हणजे व्हीबाइटला १ सॅट (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग). ३० वर ०.०००००१, म्हणजे ०.१ सॅट. २९.१ पासून ती दहापट खाली आली.

आता हिशेब. एक इनपुट, दोन आउटपुट, नेटिव्ह सेगविट (कमी जागा घेणारा व्यवहार-प्रकार) : १४१ व्हीबाइट. जुना व्यवहार ५ सॅटच्या दराने, फी ७०५. त्याच आकाराच्या बदलीला दोन अटी : हटवलेल्या सगळ्यांची मिळून जितकी फी, निदान तितकी द्यायची, आणि वर स्वतःच्या आकाराला गुणिले पायरी एवढी भर घालायची.

२८ वर : ७०५ + १४१ = ८४६.
३० वर : ७०५ + १४.१, वर पूर्णांकात, म्हणजे ७२०.

कुणी ७३० सॅटची बदली पाठवली, तर ३० ती घेतो आणि २८ नाकारतो. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर. बदली ही नेटवर्कमध्ये ‘घडत’ नाही, प्रत्येक नोडमध्ये वेगळी घडते किंवा घडत नाही. तुमचे आकडे जुळले असते तरच मला शंका आली असती.

बाकीच्या अटी थोडक्यात : नव्याचा दर ज्यांच्याशी थेट टक्कर आहे त्या प्रत्येकाच्या दराहून जास्त हवा, आणि एका बदलीने १०० हून जास्त व्यवहार हटवायचे नाहीत.

---

मांडवीकाठ · मंगळवार, रात्री ८.५५

बघितलं. २८ वर ०.००००१, ३० वर ०.०००००१. अगदी तसंच. पण मग २८ ने नाकारलेलं कुठे दिसणार? झेडएमक्यूवर तर काहीच येत नाही.

---

डिचोली_डेबियन · मंगळवार, रात्री ९.३०

येणारच नाही. झेडएमक्यू फक्त आत आलेले आणि बाहेर गेलेले सांगतो, दारातून परत पाठवलेले नाही. ट्रेसपॉइंटचा ‘रिजेक्टेड’ किंवा डीबग लॉगचा ‘मेमपूलरेज’ वर्ग लागेल. नोड बंद न करता ‘लॉगिंग’ आरपीसीने चालू होतो. साळावलींच्या उदाहरणातल्या ७३० सॅटच्या बदलीला २८ चा लॉग असं काहीसं म्हणेल :

*इनसफिशंट फी, रिजेक्टिंग रिप्लेसमेंट (आयडी), नॉट इनफ अॅडिशनल फीज टू रिले, ०.००००००२५ < ०.०००००१४१*

डावीकडे दिलेली भर, २५ सॅट. उजवीकडे मागितलेली, १४१. ‘इनसफिशंट फी’ हे मथळ्याचे दोन शब्द तिन्ही फी-नियमांना सारखेच असतात, म्हणून पुढचं वाक्य साठवलंच पाहिजे. ‘लेस फीज दॅन कॉन्फ्लिक्टिंग’ असेल तर एकूण फीच कमी. ‘न्यू फीरेट’ने सुरू होत असेल तर दर कमी.

लॉगची वाक्यं आवृत्तीगणिक बदलतात. रेगेक्स २८ साठी लिहिला तर ३० वर चालेलच असं नाही. नोंदीत नोडची आवृत्तीही टाका.

डीबग वर्ग कॉन्फिग फाइलमधून लावलात तर सुरू होताना लॉग आपोआप छाटला जात नाही, फाइल फुगत जाते. लॉगरोटेट लावा आणि फिरवल्यावर नोडला हँगअप सिग्नल द्या, तो फाइल पुन्हा उघडतो.

---

साळावली · मंगळवार, रात्री १०.१२

अजून एक. नाकारलेला आयडी नोड लक्षात ठेवतो आणि नवा ब्लॉक येईपर्यंत दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मागत नाही. म्हणून एका बदलीची नकाराची ओळ ब्लॉकच्या अंतरात साधारण एकदाच दिसते. ‘एकाच पिअरने (जोडलेल्या नोडने) पाठवला’ असा अर्थ काढू नका.

---

पेडणे_पाऊस · बुधवार, सकाळी ६.५०

सगळं धोरणावर ढकलायच्या आधी दोन साध्या गोष्टी. दोन्ही नोड ‘अॅडनोड’ने एकमेकांना जोडलेत का? नसतील तर एखादा व्यवहार एकाने ऐकलाच नाही, हे कारण शिल्लक राहतं. जोडल्यावरही लगेच पोचत नाही. नोड व्यवहारांची घोषणा मुद्दाम विस्कळीत अंतराने करतो, बाहेर जोडलेल्यांना सरासरी २ सेकंद, आत आलेल्यांना सरासरी ५. तेव्हा दहा सेकंदांच्या आतला फरक फरक धरू नका. एका मशीनवर आहेत म्हणून घड्याळ एकच, हे बरं. उद्या एक पणजीत आणि एक पेडण्यात ठेवलात तर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) लावल्याशिवाय वेळा ताडू नका.

दुसरं, आपला पाऊस. वीज गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला की नोड धाडकन पडतो. मेमपूल.डॅट (मेमपूल साठवायची फाइल) आपोआप फक्त नीट बंद करताना लिहिली जाते. परत उठल्यावर एक तर जुनी फाइल वाचतो किंवा कोऱ्या पाटीने सुरू होतो. क्रॉनमध्ये दर पंधरा मिनिटांनी ‘सेव्हमेमपूल’ टाका. फाइल वाचताना साठवलेले व्यवहार पुन्हा आत घेतले जातात आणि ‘ए’चा पूर येतो, ते नवे धरू नका. ‘गेटमेमपूलइन्फो’मधलं ‘लोडेड’ खरं होईपर्यंत मोजणी बंद ठेवा आणि पुढचे काही तास तुलनेतून वगळा. एक नोड रिकाम्या मेमपूलने उठला असेल तर त्याच्याकडे ‘जुना’ नसतोच. त्याला बदली म्हणजे सरळ नवा व्यवहार. चवथीला आठ दिवस मशीन एकटं सोडणार असाल तर यूपीएसची केबल जोडून वेळेत नीट शटडाउन होईल असं बघा.

डेटा वाचवायला कुणी ‘ब्लॉक्सओन्ली’ चालू केलं असेल तर तेही बंद. त्यात मेमपूल जवळजवळ ओसच असतो. डिस्कची मात्र काळजी नको, प्रून ५५० वर (जुने ब्लॉक पुसायची सेटिंग) सगळं चालतं, टीएक्सइंडेक्स (सगळ्या व्यवहारांची सूची) लागत नाही.

---

फर्मागुडी_हॉस्टेल · बुधवार, सकाळी १०.२५

माझ्याकडे दुसरा नोड उठतच नाही. पोर्ट बदललाय, डेटा फोल्डर वेगळा आहे, तरी ८३३४ वर बाइंड होत नाही म्हणतो.

---

डिचोली_डेबियन · बुधवार, सकाळी १०.४०

२८.० असणार. त्यात पोर्ट बदलला तरी टॉरसाठीचा ८३३४ तोच राहतो, आणि बाइंड झाला नाही की नोड बंद पडतो. २८.१ वर जा, तिथे तो तुमच्या पोर्टच्या पुढचा आकडा घेतो.

---

साळावली · बुधवार, दुपारी २.०८

पिनिंगसाठी (समोरच्याने मुद्दाम बदली महाग करणं) वेगळा रकाना ठेवा, तिथे नाकारणीचं चित्र पालटतं. वरचाच ७०५ सॅटचा व्यवहार घ्या. समोरच्याने त्याच्या आउटपुटवरून १०,००० व्हीबाइटचं मूल लटकवलं, २ सॅटच्या दराने, फी २०,०००. आता मूळ बदलायचा तर दोघांचीही फी भरून द्यायची आणि वर ३० वरची १५ ची भर : ७०५ + २०,००० + १५ = २०,७२०. १४१ व्हीबाइटला हे पडतं साधारण १४७ सॅटच्या दराने. म्हणजे ब्लॉकमध्ये जायला २० सॅटचा दर पुरेसा असला तरी बदली दारातच अडते. लाइटनिंगवाल्यांची (बिटकॉइनवरचं झटपट पेमेंटचं जाळं) खरी डोकेदुखी ही.

याच्यावर उतारा म्हणून आवृत्ती ३ चे, म्हणजे ट्रक व्यवहार आले, बिप ४३१, कोअर २८.० पासून. तिथे कन्फर्म न झालेल्या ट्रकच्या मुलाला १००० व्हीबाइटची मर्यादा. त्याच दराने मूल फार तर २००० सॅटचं, आणि बदलीला ७०५ + २००० + १५ = २७२०, दर १९ च्या आसपास. नोंदवताना व्यवहाराची आवृत्ती टाकलीत तर दोन्ही गटांतला फरक स्वच्छ दिसेल.

---

आसगाव_कॅफे · बुधवार, सायंकाळी ५.३०

काउंटरवर बिटकॉइन घेतो. नोडवर व्यवहार दिसला की कॉफी द्यायची की नाही, एवढंच सांगा.

---

कुळागर_फोंडा · बुधवार, सायंकाळी ५.४१

तुमच्या नोडवर दिसणं म्हणजे तुमच्याच मेमपूलची बातमी. मायनरकडे दुसराच असू शकतो आणि तुम्हाला ब्लॉक आल्यावर कळेल. कॉफीला लाइटनिंग घ्या, मोठ्या बिलाला कन्फर्मेशन.

---

मांडवीकाठ · बुधवार, रात्री ९.२०

ट्रेसपॉइंट दोन्ही नोडवर लावले, नोड एकमेकांना जोडले, इनपुटचा तक्ताही ठेवला. २८ वरचा ब्लॉकपाशी येणारा घोळका आता उलगडतोय. तिथे ‘रिमूव्ड’चं कारण ‘कॉन्फ्लिक्ट’ आहे. तेच आयडी ३० वर आधीच ‘रिप्लेस्ड’ म्हणून गेलेले. बदलीचा ‘ए’ मात्र २८ वर कधीच येत नाही.

---

कुळागर_फोंडा · बुधवार, रात्री ९.५०

म्हणजे एकच बदली, २८ वर ब्लॉकच्या वेळी उशिरा उमटलेली. ३० ने भर मान्य केली, मायनरनेही केली, २८ जुनाच धरून बसला आणि ब्लॉकने त्याच्या हातातून काढला. या जोड्यांना वेगळं नाव द्या, ‘उशिराची बदली’ म्हणा. ३० वरच्या ‘रिप्लेस्ड’पासून २८ वरच्या ‘कॉन्फ्लिक्ट’पर्यंतचा वेळ, तेवढा काळ तुमचा जुना नोड चुकीचं चित्र दाखवत होता.

याचा परिणाम ब्लॉक जोडतानाही दिसतो. ‘सीएमपीसीटीब्लॉक’ डीबग वर्ग चालू करा. कॉम्पॅक्ट ब्लॉक (व्यवहारांऐवजी त्यांच्या छोट्या खुणा पाठवणारा) पुन्हा उभा करताना किती व्यवहार मेमपूलमधून मिळाले, त्यात किती राखीव साठ्यातून, आणि किती पिअरकडे मागावे लागले, हे एका ओळीत येतं. नाकारलेले आणि हटवलेले व्यवहार नोड त्या साठ्यात थोडे ठेवतो, डीफॉल्ट १००. जुन्या नोडवर ‘मागितलेले’ वाढत असतील तर ‘ब्लॉकरीकन्स्ट्रक्शनएक्स्ट्राटीएक्सएन’ वाढवून बघा. हा खरा व्यावहारिक तोटा, बाकी आकड्यांचा खेळ.

---

डिचोली_डेबियन · गुरुवार, सकाळी ८.०५

स्क्रिप्टवर भरवसा ठेवण्याआधी रेगटेस्टवर (स्वतःच्या मशीनवरच्या चाचणी-साखळीवर) तालीम करा. दोन नोड, दोघंही ३० चेच. एकाला ‘इन्क्रिमेंटलरिलेफी’ ०.००००१ द्या, तो जुन्यासारखा वागतो (किमान रिले फीही त्याच्याबरोबर वर जाते). १०१ ब्लॉक काढा, कारण कॉइनबेस (ब्लॉक काढल्याचं बक्षीस) १०० ब्लॉक मुरल्याशिवाय खर्चता येत नाही. वॉलेटमधून पाठवणार असाल तर फॉलबॅकफी लावा, तिथे फीचा अंदाज बांधायला इतिहासच नसतो.

बदलीसाठी ‘बम्पफी’ नको. वॉलेट स्वतःची मोठी भर घालतं, त्यामुळे ती दोन्ही नोडवर पास होते आणि फरक दिसतच नाही. ‘क्रिएटरॉट्रान्झॅक्शन’ने हाताने बनवा : तेच इनपुट, चिल्लरच्या आउटपुटमधून २५ सॅट कमी. सही करा आणि दोन्हीकडे आधी ‘टेस्टमेमपूलअॅक्सेप्ट’ चालवा. एक हो म्हणेल, दुसरा ‘इनसफिशंट फी’. मग पहिल्याकडे खरोखर पाठवा, दहा सेकंद थांबा, आणि त्याच नोडवर ब्लॉक काढा.

पहिल्यावर ‘आर’, ‘ए’. दुसऱ्यावर आधी शांतता, मग ‘आर’ आणि लगेच ‘सी’. एवढं आलं की खऱ्या नेटवर्कवर लावा.

---

मांडवीकाठ · गुरुवार, रात्री १०.३५

आलं. दुसऱ्यावर ‘आर’ आणि ‘सी’ लागोपाठ, कारण ‘कॉन्फ्लिक्ट’. स्क्रिप्टमध्ये फक्त बाइट उलटवायचे राहिले होते.